चर्च आपले, कागद दुसऱ्याचा

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. ही गोष्ट आपल्या चळवळीतील प्रत्येकाला ठाऊक आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतील विचारवंत ड्यु बॉइस यांना पत्र लिहून तेथील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली, हेही अनेकांना माहीत असते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव कुठून आले, हे तर शाळकरी पोरालाही सांगता येते. पण गुलामांची मुक्तता करणारे गोरे लोक आणि स्वतःची मुक्तता स्वतः करून घेणारे काळे लोक यांच्यातील दुसऱ्या गटाबद्दल आपल्याकडे फार थोडे लिहिले जाते. म्हणून आज एका चर्चविषयी लिहितो आहे. बौद्ध माणसाने चर्चविषयी कशाला लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, ही कथा देवाची कमी आणि जागेच्या कागदाची जास्त आहे.

शहर फिलाडेल्फिया. काळ अठराव्या शतकाची अखेर. अमेरिका नुकतीच स्वतंत्र झाली होती. सर्व माणसे समान जन्माला येतात, अशी घोषणा याच शहरात १७७६ साली झाली आणि ती करणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी गुलाम राबत होते. पेनसिल्वेनिया राज्याने १७८० साली गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवण्याचा कायदा केला. त्यामुळे आसपासच्या राज्यांतून मुक्त झालेले, पळून आलेले, पैसे भरून सुटलेले काळे लोक या शहरात येऊ लागले. खेड्यातून मुंबईच्या बीडीडी चाळीत, कामाठीपुऱ्यात, माटुंगा लेबर कॅम्पात आपले आजोबा-पणजोबा आले, तसेच. हमाली, धुराडी साफ करणे, धुणीभांडी, बंदरावरचे काम. हाताला काम होते, मान नव्हता.

त्यांच्यातच एक रिचर्ड ॲलन. जन्म १४ फेब्रुवारी १७६०, जन्मतः गुलाम. त्याच्या कुटुंबाचा पहिला मालक बेंजामिन च्यू हा त्या काळचा नामांकित वकील, पुढे राज्याचा मुख्य न्यायाधीश. (आमच्या व्यवसायातील थोर माणसे कोणत्या बाजूला होती, हे आम्ही वकिलांनी विसरू नये.) च्यूने हे कुटुंब डेलावेअरमधील स्टर्जिस नावाच्या शेतकऱ्याला विकले. स्टर्जिस त्यातल्या त्यात बरा मालक म्हणून ओळखला जाई. पण त्याच्यावर कर्ज झाले, तेव्हा या बऱ्या मालकानेही रिचर्डची आई आणि काही भावंडे विकून टाकली. चांगला मालक आणि वाईट मालक यांतला फरक सावकार दारात येईपर्यंतच टिकतो.

रिचर्ड तरुणपणी मेथॉडिस्ट पंथाच्या प्रवचनांकडे ओढला गेला. त्या काळातील मेथॉडिस्ट प्रचारक साध्या भाषेत बोलत, मोकळ्या मैदानात सभा घेत आणि त्यांच्यातील काही जण गुलामगिरी हे पाप आहे असे उघड सांगत. अशाच एका प्रचारकाचे प्रवचन ऐकून स्टर्जिस हादरला आणि त्याने रिचर्डला पैसे भरून सुटण्याची मुभा दिली. पाप कबूल, पण फुकट सोडणार नाही! रिचर्डने लाकडे फोडली, वीटभट्टीवर काम केले, युद्धकाळात मिठाच्या गाड्या हाकल्या आणि १७८३ च्या सुमारास स्वतःची किंमत चुकती केली.

या माणसाच्या चरित्रातील एक छोटा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. मेथॉडिस्टांचे बिशप फ्रान्सिस ॲसबरी यांनी त्याला आपल्याबरोबर दक्षिणेकडील राज्यांत प्रचाराला चल म्हणून विचारले. मोठा मान होता. पण अटी अशा, की तेथील गुलामांत मिसळायचे नाही, अनेकदा गाडीतच झोपावे लागेल आणि मोबदला म्हणजे फक्त अन्न-वस्त्र. ॲलनने विचारले, मी आजारी पडलो तर मला कोण पोसणार? समाधानकारक उत्तर नव्हते. त्याने नकार दिला. पुढाऱ्याच्या गाडीत बसायला मिळते म्हणून आपल्याच माणसांत मिसळायचे नाही, ही अट आजही अनेक पक्षांत आपल्या कार्यकर्त्यांना घातली जाते. ती मान्य करणारेही कमी नाहीत.

१७८६ साली ॲलन फिलाडेल्फियाला आला. तेथील सेंट जॉर्ज या मेथॉडिस्ट चर्चमध्ये त्याला प्रवचनाची परवानगी मिळाली. वेळ पहाटे ५ ची. गोऱ्यांच्या वेळेला धक्का लागू नये म्हणून. तरीही काळे लोक येऊ लागले, संख्या वाढली. ॲलनने पाहिले, की या शहरात आपल्या माणसांना स्वतःची जागा हवी. त्याने ही सूचना मांडली तेव्हा काळ्यांतील प्रतिष्ठित मंडळींनीच विरोध केला. फक्त तिघे त्याच्या बाजूने उभे राहिले. त्यांपैकी एक ॲबसलोम जोन्स. हाही पूर्वाश्रमीचा गुलाम, ज्याने आधी बायकोचे स्वातंत्र्य विकत घेतले आणि मग स्वतःचे मिळवले.

चर्च ही पुढची गोष्ट. १२ एप्रिल १७८७ रोजी या मंडळींनी आधी 'फ्री आफ्रिकन सोसायटी' स्थापन केली. ही परस्पर साहाय्य संस्था होती. प्रत्येक सभासदाने महिन्याला १ शिलिंग भरायचा. वर्षभर वर्गणी भरलेला सभासद अडचणीत आला तर त्याला आठवड्याला ३ शिलिंग ९ पेन्स मिळत, अट एवढीच की ती अडचण त्याने स्वतःच्या गैरवर्तनाने ओढवून घेतलेली नसावी. सभासद मेला तर विधवेला आधार, मुलांना शिक्षण किंवा धंद्याची शिकवणी. दारुड्याला सभासदत्व नाही. म्हणजे प्रार्थनेची वास्तू उभी करण्याआधी त्यांनी हिशेबाची वही उभी केली. वर्गणी कशी गोळा करायची, नोंद कशी ठेवायची, खजिनदाराला जाब कसा विचारायचा, हे शिक्षण त्यांना मिळाले. आपल्याकडे बहुधा उलटे होते. आधी भूमिपूजन आणि बॅनर, मग कमिटी, आणि हिशेब विचारला की भांडण.

आता तो प्रसंग. सेंट जॉर्ज चर्च अपुरे पडू लागले म्हणून त्याची दुरुस्ती काढली आणि वर माडी, म्हणजे गॅलरी, बांधली. त्या कामासाठी काळ्या सभासदांनी पैसे दिले, अंगमेहनत केली. काम पूर्ण झाल्यावर एका रविवारी ते आले तेव्हा दारावरच्या माणसाने त्यांना वर गॅलरीत जायला सांगितले. ते गेले. प्रार्थना सुरू झाली, सगळे गुडघ्यावर बसले. तेवढ्यात चर्चच्या एका विश्वस्ताने ॲबसलोम जोन्सला धरून उठवायला सुरुवात केली. या ठिकाणी बसायचे नाही म्हणून. जोन्सने विनवले, प्रार्थना संपेपर्यंत थांबा. तो थांबेना. दुसऱ्या विश्वस्ताला मदतीला बोलावले. प्रार्थना संपली आणि सगळे काळे लोक एकगठ्ठा बाहेर पडले. पुन्हा त्या चर्चमध्ये गेले नाहीत. ही घटना १७८७ ची असे पूर्वी सांगत. पण गॅलरीच्या बांधकामाच्या काळावरून संशोधक आता ती १७९२-९३ च्या सुमाराची मानतात.

आपल्या वाचकाला इथे २ मार्च १९३० ला सुरू झालेला नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह आठवल्याशिवाय राहणार नाही. पण फरक नीट पाहा. आपल्याला दाराबाहेर ठेवले होते. त्यांना आत घेतले होते, पैसे घेतले होते, घाम घेतला होता, आणि मग जागा दाखवून दिली होती. पूर्ण बहिष्कारापेक्षा हा अर्धा स्वीकार जास्त कपटी असतो, कारण त्यात माणूस वर्षानुवर्षे अडकून पडतो. आपली पोरे आज ज्या संस्थांत, पक्षांत, नोकऱ्यांत 'आत' आहेत, तिथल्या गॅलऱ्या मोजायला घेतल्या तर वही पुरणार नाही.

आणि गॅलरी काही अमेरिकेपुरती नव्हती. तामिळनाडूतील वडक्कनकुलम येथे जातीनुसार वेगळे बसता यावे म्हणून दोन दालनांचे चर्चच उभारले गेले. त्याच राज्यात तेव्हाच्या विळुप्पुरम जिल्ह्यातील एरैयूर येथे दलित ख्रिस्ती लोकांनी स्वतःचे चर्च बांधले आणि त्याला स्वतंत्र पॅरिशचा दर्जा द्या अशी मागणी केली, तेव्हा मार्च २००८ मध्ये सवर्ण समजल्या जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी त्यांच्यावर हल्ले केले. हल्ला करणारे ख्रिस्ती, मार खाणारे ख्रिस्ती. बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर जे लिहून ठेवले आहे, त्यात हाच मुद्दा आहे. धर्म बदलला तरी जात चर्चमध्ये शिरते आणि चर्च तिला हाकलण्याचा मनापासून प्रयत्न करीत नाही. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती बांधवांपुढे बोलतानाही त्यांनी कोणाची भीड ठेवली नव्हती.

बाहेर पडलेल्यांनी चर्चसाठी वर्गणी सुरू केली. डॉ. बेंजामिन रश यांच्यासारखे काही गोरे मदतीला आले. पण जुन्या चर्चचे अधिकारी धमक्या देऊ लागले. वर्गणी थांबवा, नाहीतर पंथातून काढून टाकू. त्याच वेळी १७९३ च्या उन्हाळ्यात शहरात पिवळ्या तापाची साथ आली. सुमारे ५० हजारांच्या वस्तीतील अंदाजे ५ हजार माणसे मेली. श्रीमंत पळून गेले. काळ्या लोकांना हा ताप होत नाही, असा डॉक्टर मंडळींचा समज होता आणि तो साफ चुकीचा ठरला. ॲलन आणि जोन्स यांनी आपली माणसे उभी केली. त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली, प्रेते उचलली, पुरली. त्यांच्यातलेही अनेक मेले. साथ ओसरली आणि मॅथ्यू कॅरी नावाच्या प्रकाशकाने पुस्तिका काढली, की काळ्या परिचारकांनी अवाच्या सवा पैसे घेतले आणि घरे लुटली. ॲलन-जोन्स गप्प बसले नाहीत. १७९४ साली त्यांनी स्वतःची पुस्तिका छापली, जमाखर्च मांडला, किती प्रेते पुरली आणि त्यात किती पदरमोड झाली ते आकड्यांत दाखवले आणि त्या पुस्तिकेचा कॉपीराइटही घेतला. साथीच्या काळात गटार साफ करणारा आणि प्रेत उचलणारा देवदूत असतो, साथ संपली की तो चोर ठरतो. २०२० च्या टाळ्या-थाळ्यांनंतर आपल्या सफाई कामगारांच्या वाट्याला काय आले, हे वेगळे सांगायला नको. ॲलन-जोन्सनी जमाखर्च छापला, तसा तो आपण कधी छापणार?

आता पंथ कोणता घ्यायचा, हा प्रश्न आला. बहुसंख्यांना मेथॉडिस्टांचा वीट आला होता. ते एपिस्कोपल पंथाकडे वळले आणि ॲबसलोम जोन्स यांच्या नेतृत्वाखाली १७ जुलै १७९४ रोजी सेंट थॉमस हे आफ्रिकन चर्च सुरू झाले. त्या पंथाने त्यांना घेतले खरे, पण प्रांताच्या अधिवेशनात बसण्याचा अधिकार पुढे कित्येक दशके दिला नाही. पुन्हा गॅलरीच. ॲलन मात्र मेथॉडिस्टच राहिला. त्याचे म्हणणे असे, की अडाणी कष्टकरी माणसाला ही साधी, पाठांतराशिवायची पद्धत समजते आणि चार उद्धट विश्वस्तांमुळे मी माझी श्रद्धा का सोडावी? इथे माझे ॲलनशी जमत नाही. वास्तू सोडली पण वास्तूला आधार देणारी चौकट सोडली नाही, म्हणून त्याला पुढची बावीस वर्षे कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात चौकटच नाकारली. पण हेही कबूल केले पाहिजे, की ॲलनच्या निष्ठेमुळे लढाई टळली नाही, उलट ती अधिक लखलखीत झाली.

ॲलनने काही वर्षांपूर्वी सहाव्या रस्त्यावर चर्चसाठी एक जागा घेऊन ठेवली होती. इतरांनी दुसरी जागा पसंत केल्यावर त्याने ती सोडली नाही, स्वतःकडे ठेवली. आता त्याने एका लोहाराचे जुने लाकडी दुकान विकत घेतले, स्वतःच्या घोड्यांनी ते ओढत त्या जागेवर आणले आणि सुतार लावून त्याचे चर्च केले. २९ जुलै १७९४ रोजी त्याच बिशप ॲसबरींच्या हस्ते ते सुरू झाले. नाव ठेवले बेथेल.

दोन चर्च, दोन पंथ, एकाच महिन्यात, एकाच शहरात, एकाच समाजाची. आपल्याकडे असे झाले असते तर दोन्ही बाजूंनी एकमेकांना गद्दार ठरवून पत्रके निघाली असती. रिपब्लिकन पक्षाचा इतिहास पाहणाऱ्याला हे सांगायला नको. पण ॲलन आणि जोन्स यांनी त्याच वर्षी ती पुस्तिका दोघांच्या नावाने छापली होती. आणि १८१६ साली ॲलन बिशप झाला, तेव्हा त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला दीक्षा देणाऱ्या पाच धर्मगुरूंपैकी एक ॲबसलोम जोन्स होता, दुसऱ्या पंथाचा असूनही.

आता वकील म्हणून मला जो भाग सांगायचा आहे, तो सुरू होतो. १७९६ साली चर्चची कायदेशीर नोंदणी करायची ठरली. घटना कोणी लिहायची? आपल्यात कायदा जाणणारा नाही. एका गोऱ्या मेथॉडिस्ट धर्मगुरूने, इझिकिएल कूपरने, मी लिहून देतो म्हटले. लिहून दिले. सगळ्यांनी विश्वासाने मान्य केले. विश्वस्त काळे, सभासद काळे, जागा ॲलनची, पैसे वस्तीचे. सगळे ठीक दिसत होते. जवळजवळ दहा वर्षांनी पंथाचा एक नवा गोरा वडीलधारी धर्मगुरू आला आणि त्याने चर्चच्या किल्ल्या आणि हिशेबाची पुस्तके मागितली. माझ्या परवानगीशिवाय इथे सभा घ्यायची नाही, असे बजावले. हे कसे, म्हणून लोकांनी कागद काढून वाचला, तेव्हा कळले की घटनेतील कलमांनी चर्चची मालमत्ता पंथाच्या परिषदेच्या अधीन करून टाकली होती. इमारत त्यांनी बांधली होती, पण ती कोणाच्या उपयोगासाठी आणि कोणाच्या हुकमाने चालायची, हे दुसराच ठरवणार होता.

त्यांनी वकिलाचा सल्ला घेतला. सल्ला मिळाला, की दोन तृतीयांश सभासदांच्या संमतीने घटनेत दुरुस्ती होऊ शकते. १८०७ साली त्यांनी ती केली. तिला 'आफ्रिकन पुरवणी' असे नाव पडले. मालमत्तेचा निर्णय, व्यासपीठावर कोण उभे राहील याचा निर्णय विश्वस्त आणि सभासद घेतील, असे त्यात घातले. आपल्या भाषेत सांगायचे तर पोटनियम दुरुस्ती. मारामारी नाही, मोर्चा नाही. एक बैठक, एक ठराव, सह्या.

पंथाचे अधिकारी चिडले. मग त्यांनी दुसरा मार्ग काढला. आमच्या धर्मगुरूने येऊन प्रवचन द्यावे असे वाटत असेल तर वर्षाला ६०० डॉलर द्या. घासाघीस होऊन आकडा २०० वर आला, आणि त्या २०० डॉलरमध्ये वर्षातून पाच वेळा प्रवचन! लोकांनी पैसे देणे बंद केले. तेव्हा गोरे धर्मगुरू जबरदस्तीने व्यासपीठावर चढायला येऊ लागले. सभासद मधल्या वाटेत असे दाटीने उभे राहिले, की त्यांना पुढे सरकताच येईना. १८१५ साली एका खटल्याच्या निमित्ताने चर्चची मालमत्ता शेरीफच्या लिलावात निघाली. बोली लागली. स्वतःच्या जागेवर स्वतः आणून ठेवलेले आणि वस्तीने वाढवलेले चर्च सोडवायला ॲलनला १० हजार डॉलरहून अधिक बोली लावावी लागली. तरीही दावा थांबला नाही. एका गोऱ्या धर्मगुरूने व्यासपीठाचा हक्क मागत पेनसिल्वेनियाच्या सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १८१६ च्या सुरुवातीला न्यायालयाने तो हक्क नाकारला. न्यायालयाला काळ्यांचा कळवळा आला, असे समजू नका. १८०७ चा कागद रीतसर होता, म्हणून निकाल लागला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बाल्टिमोर, विल्मिंग्टन, सेलम वगैरे ठिकाणच्या काळ्या चर्चचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले आणि 'आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्च' हा स्वतंत्र पंथ स्थापन झाला. ११ एप्रिल १८१६ रोजी ॲलन त्याचा पहिला बिशप झाला.

जागा स्वतःची झाल्यावर त्या जागेत काय झाले, हेही पाहिले पाहिजे. जानेवारी १८१७ मध्ये, मुक्त काळ्यांना आफ्रिकेत पाठवून देण्याच्या गोऱ्यांच्या योजनेविरुद्ध सुमारे ३ हजार लोक याच बेथेल चर्चमध्ये जमले आणि त्यांनी एकमुखाने योजना फेटाळली. १८३० साली काळ्यांची पहिली राष्ट्रीय परिषद इथेच भरली. भाड्याच्या सभागृहात किंवा गोऱ्या पंथाच्या चर्चमध्ये हे होऊ दिले असते का? दक्षिणेत चार्ल्सटन शहरात याच पंथाचे चर्च उभे राहिले होते. १८२२ साली डेन्मार्क व्हेसीच्या नेतृत्वाखाली गुलामांच्या उठावाचा कट उघडकीस आला, तेव्हा गोऱ्यांनी माणसांना फाशी दिली आणि ती चर्चची वास्तूही पाडून टाकली. त्यांना नेमके ठाऊक होते, की धोका प्रार्थनेत नाही, स्वतःच्या छपरात आहे. त्याच परंपरेतील इमॅन्युएल चर्चमध्ये १७ जून २०१५ रोजी एका वंशद्वेष्ट्याने नऊ जणांना गोळ्या घालून ठार केले.

सगळेच गोड होते असे नाही. जेरेना ली नावाच्या बाईने ॲलनकडे प्रवचन करण्याची परवानगी मागितली, तेव्हा पंथाच्या नियमात बाईला स्थान नाही म्हणून त्याने तिला परत पाठवले. गॅलरीतून उठवलेल्या माणसानेही एक गॅलरी बांधली होती. काही वर्षांनी, १८१९ साली, एक धर्मगुरू प्रवचनात अडखळला असता ती मध्येच उभी राहून बोलू लागली. ते ऐकून ॲलनने तिथेच मान्य केले की हिला अधिकार आहे. ॲलनची बायको सारा हिने फाटक्या कपड्यांत फिरणाऱ्या प्रचारकांचे कपडे शिवण्यासाठी बायकांची संघटना उभी केली. आपल्या विहारात वंदनेला ऐंशी टक्के बाया आणि विश्वस्तांच्या यादीत सगळे बुवा, हे चित्र ज्यांनी पाहिले असेल त्यांनी ली बाईंची गोष्ट घरी सांगावी.

हे सर्व आज लिहिण्याचे कारण बोधगया. महाबोधी महाविहार जगातील बौद्धांचे, पण १९४९ च्या बिहारच्या कायद्याने व्यवस्थापन समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्षपदी जिल्हाधिकारी. मूळ कायद्यात तर जिल्हाधिकारी हिंदू नसेल तर दुसरा हिंदू अध्यक्ष नेमण्याची तरतूद होती. ती २०१३ साली बदलली, समितीची रचना बदलली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे भिक्खूंनी उपोषण सुरू केले आणि देशभर आंदोलने झाली. १८०५ सालच्या बेथेलमध्ये किल्ल्या मागायला आलेला तो धर्मगुरू आणि ही समिती यांत तत्त्वतः फरक काय? आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २६ ने प्रत्येक धर्मसंप्रदायाला आपल्या धार्मिक बाबींचे व्यवस्थापन करण्याचा आणि मालमत्ता धारण करण्याचा हक्क दिला आहे. ॲलनकडे असे कलम नव्हते. त्याच्याकडे फक्त एक पुरवणी आणि वाट अडवून उभे राहणारी माणसे होती.

पण बोधगयेसाठी घोषणा देणाऱ्या किती वस्त्यांतील विहारांचे कागद स्वच्छ आहेत? वकिलीत माझ्यासमोर येणारी प्रकरणे पाहिली की झोप उडते. विहार बांधून तीस वर्षे झाली, पण ट्रस्टची नोंदणीच नाही. नोंदणी आहे, पण पहिले विश्वस्त वारले, नव्यांचा बदल अर्ज कोणी दिला नाही. तो कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत द्यायचा असतो. ट्रस्ट आहे, पण विहाराची जागा परिशिष्टात दाखवलेलीच नाही, ती कोणा एका पुढाऱ्याच्या नावावर आहे आणि आता त्याची मुले वाटणी मागतात. सार्वजनिक जागेवरील अनधिकृत धार्मिक बांधकामांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी आदेश दिला, तेव्हापासून ज्यांच्याकडे जुना पुरावा नाही त्यांच्या डोक्यावर टांगती तलवार आहे. आणि झोपडपट्टी पुनर्वसनात तर विकासक सभेत माईकवर सांगतो, विहार बांधून देतो, भव्य देतो. टाळ्या पडतात. करारनाम्यात त्या विहाराचे क्षेत्रफळ, मजला, ताबा आणि मालकी यांपैकी एक ओळ नसते. करारनामा लिहितो कोण? विकासकाचा वकील. म्हणजे पुन्हा इझिकिएल कूपरच.

विकासकाचा शब्द करारनाम्यात आणि मंजूर नकाशात उतरेपर्यंत संमतीपत्रावर सही करू नका. विहाराची इमारत विकण्यास किंवा तीन वर्षांहून जास्त भाडेपट्ट्याने देण्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, हे प्रत्येक सभासदाला माहीत असले पाहिजे, फक्त अध्यक्षाला नव्हे. धर्मादाय कार्यालयातून आपल्या ट्रस्टच्या नोंदवहीचा उतारा आणि परिशिष्ट एकची नक्कल किरकोळ फी भरून मिळते. दोन चकरा होतात, कारकून उद्या या म्हणतो, पण मिळते. ती आणून विहारात सर्वांसमोर मोठ्याने वाचा. विश्वस्तांत बाया किती आहेत तेही त्याच वेळी मोजा. आणि ज्याच्या नावावर जागा आहे तो पुढारी हयात असेल तर त्याच्याशी आजच बसा, त्याच्या जलदान विधीनंतर नव्हे.

फिलाडेल्फियात सहाव्या रस्त्यावर आज उभी आहे ती बेथेलची चौथी इमारत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली. तळघरात ॲलन आणि सारा यांची समाधी आहे. जागा तीच आहे, लोहाराचे दुकान ओढत आणले ती. अमेरिकेत काळ्या लोकांच्या मालकीत अखंड राहिलेली सर्वात जुनी जमीन म्हणून ती ओळखली जाते.